उकिरड्याचा पांग

ऑफिसच्या तक्त्यात एक पान माझं आहे. माझं म्हणजे, त्यात चूक निघाली तर फोन मला येतो. पानाचं नाव ‘शेतजमिनीत घातलेलं शेणखत’. देशांची नावं उभी, सालं आडवी, आणि प्रत्येक चौकोनात त्या देशाने त्या वर्षी शेतात घातलेल्या शेणखतातून किती नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हवा तापवणारा एक वायू, वर गेला त्याचा आकडा. भारत, डेन्मार्क, नेदरलँड्स, न्यूझीलंड, सगळे रेशनच्या रांगेत उभे राहावेत तसे एकाखाली एक.

ऑफिस अंधेरी पूर्वेला, सहाव्या मजल्यावर. खिडक्या उघडत नाहीत. चहाच्या मशीनमध्ये दूधसुद्धा पावडरीचं. शेणाशी दूरचं नातं सांगेल अशी एकही वस्तू त्या मजल्यावर नाही आणि मी दिवसाचे आठ तास शेण मोजते. पूर्वी कोणी विचारलं, मुलगी काय करते, तर आई म्हणायची, “कार्बनचं काहीतरी.” मग एकदा मी तिला बसवून सगळं नीट समजावून सांगितलं. चूक माझीच. तेव्हापासून ती “शेणाचा हिशेब ठेवते” एवढंच सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघत बसते.

या हिशेबात एका म्हशीच्या शेणाला चार घरं असतात. गोठ्यामागे ढीग करून साठवलं तर त्याचं पान वेगळं. चरायला गेलेलं जनावर रानात टाकून आलं तर ते दुसरं पान. शेतात विस्कटलं तर तिसरं, ते माझं. आणि गोवरी थापून चुलीत घातलं तर ते शेतीतून उठून थेट इंधनाच्या खात्यात जाऊन बसतं. म्हशीला यातलं काही माहीत नसतं. नियम आयपीसीसीचे, म्हणजे हवामानबदलावर जगभरच्या सरकारांनी मिळून नेमलेल्या मंडळाचे. २००६ साली लिहिलेले, २०१९ मध्ये दुरुस्त केलेले. त्यातला पायाचा नियम तोंडी सांगता येईल इतका सोपा आहे: खतातून जमिनीत १०० किलो नत्र, म्हणजे नायट्रोजन, गेलं, तर त्यातलं १ किलो नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत गेलं असं धरा.

सोपा आहे म्हणूनच मी एकदा त्यात आपटले. या एक टक्क्याच्या गुणकाने निघतं ते नत्राचं वजन. वायूच्या वजनात ऑक्सिजनही असतो, म्हणून आलेला आकडा ४४ ने गुणून २८ ने भागायचा, म्हणजे जवळजवळ दीडपट करायचा. एका वर्षीच्या घाईत मी ती पायरीच गाळली. तक्त्यातले सगळे देश एका संध्याकाळीत ३६ टक्क्यांनी सुधारले. मी फाइल पाठवली आणि स्टेशनवर आले. रात्रीच्या विरार लोकलमध्ये दाराशी उभी होते, गोरेगाव मागे पडलं, आणि काही कारण नसताना डोक्यात ४४ आणि २८ हे दोन आकडे आले. पोटात गोळा आला. बोरिवलीच्या आत साहेबांना मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं, “उद्या बघू. शेण कुठं पळून जातंय?”

ते पळून जातं, यावरच तर आमचं पोट आहे.

*

मी जवळून ओळखते ते शेण मामाच्या गोठ्यातलं. जुन्नर तालुक्यात, गावाच्या वरच्या अंगाला त्याचं घर. दोन खिलारी बैल, दोन गायी, एक म्हैस आणि गोठ्याच्या मागे कमरेइतका खोल खड्डा. त्यात रोजचं शेण, गव्हाणीत उरलेलं चघळ, चुलीतली राख, अंगणातला केर. मे महिन्यात आम्ही दहिसरहून जायचो तेव्हा तो काठोकाठ भरून वर आलेला असायचा. वरून वाळलेली कडक साय. कोंबड्या दिवसभर तिथे उकरत असायच्या. आम्हा मुंबईच्या पोरांना तिकडे जायची बंदी, म्हणून आम्ही तिथेच.

वैशाखात एका पहाटे मामा खड्डा उघडायचा. कुदळीचा पहिला घाव पडला की आतून वाफ निघायची. मे महिना, पण तिथे पहाट गार असते, आणि त्या गारव्यात जमिनीतून वाफ येताना बघून माझा धाकटा भाऊ “आत कोणीतरी स्वयंपाक करतंय” म्हणाला होता. फार चुकला नव्हता. वरचा हातभर थर काड्याकुड्यांचा, पिवळट, गुरांचा वास असलेला. त्याखाली रंग गडद होत जायचा. तळाला पोचला की मामा मूठभर काढून माझ्या नाकाशी धरायचा.

“शेनाचा वास येतो का?”

“नाही.”

“कशाचा येतो?”

“मातीचा.”

“मग झालं.”

हीच त्याची परीक्षा. वास शेणाचा आला तर खत कच्चं. कच्चं खत घातलं की रोपं पोळतात, तण माजतं आणि हुमणी येते. हुमणी म्हणजे ती इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली, पांढरी, लठ्ठ अळी. तळातून एखादी निघाली की कोंबड्यांची जी धावाधाव व्हायची, तसली नंतर मी फक्त विरार लोकलच्या दारात पाहिली.

मग बैलगाडी भरायची. वावरात ठरावीक पावलांवर एकेक ढीग टाकत जायचं. ढीग फार दिवस तसेच ठेवलेले मामाला खपायचे नाहीत. उन्हं कलल्यावर फावड्याने विस्कटायचं आणि अंधार पडायच्या आत त्यावरून वखराची पाळी घालून मातीआड करायचं. शेजारच्या वावरात कोणाचे ढीग आठ-आठ दिवस उन्हात पडलेले दिसले की तो म्हणायचा, “उन्हानं खताचा जीव जातो.” मला ती त्याची एक लकब वाटायची. पुढे वीस वर्षांनी आयपीसीसीच्या पुस्तकात एक गुणक सापडला: शेणखतातल्या नत्रापैकी साधारण पाचवा हिस्सा अमोनियाच्या नि त्याच्या भावंडांच्या रूपाने हवेत उडतो असं धरावं. लगेच मातीआड केलं तर तो कमी उडतो. उडालेला अमोनिया दुसरीकडे कुठे तरी जमिनीवर उतरतो आणि तिथे त्यातला थोडा पुन्हा नायट्रस ऑक्साइड होतो, तोही माझ्याच पानावर, ‘अप्रत्यक्ष’ नावाच्या रकान्यात. खताचा जीव कुठे जातो याचा पत्ता तिथे लिहिलेला होता.

थेट जाणारा वायू निघतो तो पहिल्या पावसात. शेणातलं नत्र आधी अमोनियमच्या रूपात सुटं होतं. मातीतले नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग दुसरे नायट्रेट करतात. हे सगळं हवा असेल तर. पाऊस पडला की ढेकळांमधल्या बारीक पोकळ्यांत पाणी भरतं आणि प्राणवायू संपतो. मग तिसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि उरलेलं नत्र हवेत सोडून देतात. हे काम पूर्ण झालं तर निघतो तो साधा नायट्रोजन, ज्याने आपल्या हवेचा ७८ टक्के भाग भरलेलाच आहे. काम अर्धवट राहिलं तर निघतो नायट्रस ऑक्साइड. तापलेली माती, ताजं पाणी आणि भरपूर खाद्य एकदम मिळालं की जिवाणूंची झुंबड उडते आणि अर्धवट कामं फार होतात. म्हणजे ज्या तासा-दोन तासांत सगळा महाराष्ट्र नाक वर करून मातीचा वास घेत असतो, त्याच सुमारास हा वायूही उठायला लागतो. तो वासही जिवाणूंचाच, दुसऱ्या एका कुळीचा. या वायूला मात्र नाकाला कळेल असा वास नाही.

याला हसवणारा वायूही म्हणतात. हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०० च्या सुमाराला तो स्वतः हुंगून बघितला होता आणि दातांचे डॉक्टर अजून वापरतात. मी मामाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हंजे माझं वावर हसतंय म्हन की.”

किती हसतंय? वजनाला वजन लावलं आणि १०० वर्षांचा हिशेब धरला, तर नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट उष्णता धरतो. वर पोचल्यावर ओझोनचा थरही खातो. आणि एकदा गेला की सुमारे ११० वर्षं हलत नाही. उकिरड्याच्या आत, जिथे हवा पोचत नाही तिथे होतो तो मिथेन. त्याचा मुक्काम त्या मानाने थोडा, साधारण बारा वर्षं.

बारा वर्षं! हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खुर्चीत एकटीच हसले. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असं आजी म्हणायची. कोणाला नोकरी लागत नसली, कोणाचं लग्न जुळत नसलं की तिचं हे ठरलेलं. उकिरड्याचा पांग म्हणजे त्याचं दैन्य, त्याचं ओझं. मिथेनपुरतं तिचं म्हणणं चोख निघालं. नायट्रस ऑक्साइडला मात्र आजीची म्हण पुरत नाही. मामाने १९९१ च्या वैशाखात विस्कटलेल्या खतातून निघालेला बराचसा अजून वर आहे. मी तेव्हा त्या ढिगांवरून उड्या मारत होते.

*

एकदा सुट्टीत बसून मी मामाच्या एका एकराचा हिशेब मांडला. ऑफिसच्या मशीनवर नव्हे, वहीवर, त्याच्यासमोर.

एकराला ४ टन शेणखत. चांगल्या शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे २० किलो. त्याचा शंभरावा हिस्सा २०० ग्रॅम. त्याला ४४ भागिले २८ (या वेळी विसरले नाही) म्हणजे सुमारे ३१४ ग्रॅम नायट्रस ऑक्साइड. गुणिले २७३. उत्तर ८६ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एका एकराचं खत हे ३७ लिटर पेट्रोल झालं.

“गाडीची एक टाकी,” मामेभाऊ म्हणाला.

मामाला मात्र दुसरंच खटकलं. “वीस किलो नत्र म्हनलीस? म्हंजे युरियाची एक गोनी.”

बरोबर. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे वीस किलोच्या जरा वर. ४ टन शेणखत, म्हणजे खड्डा उघडणं, गाड्या भरणं, ढीग, फावडं, चार माणसांचे दोन दिवस आणि बैलांचे खांदे, हे एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला अनुदानामुळे ३०० रुपयांच्या आत मिळणारी, मोटारसायकलवर मागे बांधून आणता येणारी एक गोणी. मामा काही बोलला नाही. वहीकडे बघत राहिला. मला वाटलं, मी त्याला हे दाखवायला नको होतं.

२००६ च्या गुणकाला नत्र कुठून आलं याच्याशी देणंघेणं नाही. गोणीतलं २० किलो आणि म्हशीतलं २० किलो त्याला सारखंच. २०१९ च्या दुरुस्तीत जरा भेद केला: ओल्या मुलखात शेणखताला ०.६ टक्के, रासायनिक खताला १.६ टक्के; कोरड्या मुलखात दोघांनाही ०.५. गोणीतला युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, आमच्या चेंबूरलाही आरसीएफच्या खत कारखान्यात होतो, आणि तो बनवताना जो कार्बन जातो तो कारखान्यांच्या पानावर लिहिला जातो. खताच्या पानावर दोघं शेजारी-शेजारी, एकाच मापात.

देशाच्या एकूण हिशेबात ही माझी ओळ तशी बारीकच. भारताने २०२० चा जो आढावा संयुक्त राष्ट्रांना दिला त्यात शेतीचा वाटा १३.७२ टक्के आहे. त्यातला सर्वांत मोठा घास गुरांच्या पोटातल्या मिथेनचा. मातीतून जाणारा नायट्रस ऑक्साइड आणि भातखाचरं त्याच्या मागे. मातीच्या वाट्यातही युरिया पुढे, शेणखत मागे. तरीही, पान माझं असल्यामुळे, मला ती ओळ लहान वाटत नाही.

*

शेण मोजणाऱ्या बाईच्या घराजवळ तबेले असावेत हा निव्वळ योगायोग. दहिसर नदीच्या काठाने काही तबेले आहेत. नदी नॅशनल पार्कातून, तुळशी तलावाच्या बाजूने येते तेव्हा ती खरंच नदी असते. वस्तीत शिरली की हळूहळू नाला होते. मी लहान असताना बाबांबरोबर तबेल्यावर कॅन घेऊन दूध आणायला जायचे. दारात चिकट ओल, पुढे म्हशींच्या दोन रांगा, आणि मागून कोणीतरी रबरी नळीने फरशी धूत असायचं. शेण, मूत, पाणी एक होऊन गटारात, गटारातून नाल्यात. एक म्हैस दिवसाला १५ किलोच्या आसपास शेण टाकते. शंभर म्हशींच्या तबेल्यात रोजचं दीड टन. मामाच्या अख्ख्या एकराचं खत तीन दिवसांत!

अर्थात हे ताज्या शेणाचं माप, त्यात पाच हिश्श्यांतले चार पाणी. पण त्या वयातही आईने मामाच्या घरी शेणाची पाटी कशी दोन्ही हातांनी जपून नेली होती ते मी पाहिलेलं होतं. ते नळीने वाहून जाताना बघून मला कोणी तरी भात सांडल्यासारखं वाटायचं.

तबेले शहराबाहेर न्यायचं स्वप्न जुनं आहे. दूधधंद्यातले जाणकार दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली ती त्यासाठीच: शहरभर विखुरलेल्या म्हशी एका जागी, हिरव्या चाऱ्याच्या सान्निध्यात. म्हशी गेल्या, सगळ्या नाही गेल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा साखळीने बांधलेल्या म्हशी जागच्या जागी बुडाल्या. पुढचे कित्येक दिवस उपनगरांत कसला वास होता ते ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको.

पावसाळा संपला की पुलावर उभं राहून खालच्या काळ्या पाण्याकडे बघावं. वाहत नाही तिथे बुडबुडे येत असतात. आधी एक, मग दोन-तीन शेजारी-शेजारी, मग थोडा वेळ काही नाही. लहानपणी आम्ही खाली मासा आहे म्हणायचो. तो गाळात कुजणाऱ्या सगळ्या घाणीचा वायू, बराचसा मिथेन. शेण शेतात कोरडं विस्कटलं तर मिथेन जवळजवळ होतच नाही. पाण्याखाली कोंडलं की होतो. माझ्या पानावर मुंबईच्या या शेणाला जागा नाही, कारण ते जमिनीत घातलेलंच नाही. काही तबेल्यांचं टेम्पोने नर्सऱ्यांकडे जातं. थोडं गोवऱ्या होऊन होळीला येतं, हल्ली तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ऑनलाइनही मिळतं, डझनावर. बाकीचं मनोरीच्या खाडीला.

हा वायू कोंडून वापरायची अक्कल मुंबईला नव्हती असंही नाही. १८९७ च्या सुमाराला माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात मैल्याच्या टाकीतला वायू धरून दिवे लावल्याची नोंद आहे. पुढे साठच्या दशकात गोबर गॅसचा तरंगत्या घुमटाचा नमुना गावोगाव नेला तो खादी ग्रामोद्योग आयोगाने, ज्याचं मुख्य कार्यालय विलेपार्ल्याला इर्ल्यात आहे. मामाकडेही तसा घुमट होता. दोन गायी विकल्या तेव्हा शेण अपुरं पडायला लागलं, घुमट गंजला, आणि आता मामी त्यावर सांडगे वाळवते.

*

नेदरलँड्सची ओळ उघडली की डोळे दिपतात. महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा देश, आणि तिथलं दुखणं बरोबर उलटं: शेण फार. गुरं जाळीच्या फरशीवर उभी, खाली टाकीत शेण-मूत पातळ होऊन साठलेलं, आणि ते घालायला जमीन अपुरी. युरोपच्या १९९१ च्या नियमाप्रमाणे शेणातून हेक्टरी वर्षाला १७० किलोपेक्षा जास्त नत्र घालता येत नाही. डच शेतकऱ्यांना कित्येक वर्षं त्यातूनही सवलत होती, ती टप्प्याटप्प्याने काढून घ्यायचं २०२२ मध्ये ठरलं. नत्राच्या निर्बंधांवरून २०१९ च्या ऑक्टोबरात ते ट्रॅक्टर घेऊन हेगला गेले होते. डेन्मार्कने तर २०३० पासून गुरांच्या वायूंवर टनाला ३०० क्रोनर कर लावायचं ठरवलंय. मामाचं प्रमाण हेक्टरी ५० किलो, तेही तिसाला. म्हणजे दर तिसऱ्या वर्षी एकेका तुकड्याला पाळीने. मी त्याला १७० हा आकडा सांगितला. “एवढं शेन आनत्यात कुठून?” या प्रश्नात त्याला हेवा लपवता आला नाही.

तिथे पातळ शेण यंत्राने जमिनीत टोचून घालतात. अमोनिया वाचतो, पण कोंडलेल्या ओलीत नायट्रस ऑक्साइड वाढू शकतो. एक भोक बुजवावं तर दुसरं उघडतं. या विषयात मला पटलेली गोष्ट एवढीच, की शेणाला एका दाराने जाऊ देत नाही म्हटलं की ते दुसरं दार शोधतं. फक्त पाहिजे तेव्हा, पाहिजे तेवढंच, मुळांच्या तोंडाशी पोचवलं तर पीक ते घेतं आणि दारं आपोआप लागतात. मामा हेच करायचा, पण त्याला दर तीन वर्षांनी एकदाच करता यायचं.

आणि जे जात नाही त्याचं काय? इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात एक जुनं वावर आहे. तिथे बार्लीच्या एका पट्ट्यात १८५२ ते १८७१ अशी वीस वर्षं दरसाल शेणखत घातलं आणि मग कायमचं बंद केलं. शंभर वर्षं उलटल्यावरही त्या पट्ट्याच्या मातीत शेजारच्या कधीच खत न घातलेल्या पट्ट्याहून जास्त कार्बन होता, नि तो पीकही जास्त देत होता. माझ्या पानावर फक्त निघून गेलेल्याची नोंद असते. मातीत मुरलेला कार्बन जमिनीच्या पानावर, ठोकताळ्याने. एका खताचं एक शतक हवेत मोजायचं आणि दुसरं शतक जमिनीत, आणि ही दोन पानं दोन वेगळ्या माणसांकडे. दुसरी बाई हैदराबादला असते. आम्ही वर्षातून एकदा व्हिडिओवर भेटतो, तेही सुट्ट्यांच्या फॉर्मवरून.

*

बैल गेल्या दिवाळीनंतर गेले. गावात आता बैल दिसतो तो शर्यतीचा, नांगराचा नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशी गोवंश २०१२ पेक्षा ६ टक्क्यांनी घटलेला दिसतो आणि संकरित २७ टक्क्यांच्या जवळपास वाढलेला. मामाच्या गोठ्यात संकरितही आली नाही. “चारा कोन घालनार? तू?” एक म्हैस उरलीय. उकिरडा अर्ध्यावर आला. मागच्या वर्षी त्याने पहिल्यांदा शेणखत विकत घेतलं. ट्रॉलीचा भाव सांगताना त्याचा आवाज असा पडला, जसा लोक घरातलं दुखणं सांगताना पाडतात.

आमच्या तक्त्यात एक सोय आहे: आधीच्या वर्षापेक्षा आकडा कमी झाला की चौकोन आपोआप हिरवा होतो. मामाचं वावर तिथे वेगळं दिसत नाही, पण समजा दिसलं असतं, तर त्याचा चौकोन गेली दोन वर्षं हिरवागार असता. ज्या वर्षी बैल गेले त्या वर्षी सर्वांत गडद. मी साहेबांना एकदा म्हटलं, हा रंग काढूया. ते म्हणाले, क्लायंटला रंग आवडतो.

गेल्या महिन्यात मामाचा फोन आला. “तुमच्या त्या दहिसरला तबेल्याचं शेन फुकट वाहून जातं म्हनत होतीस. बघ की भाव विचारून.”

रविवारी गेले. बाबांबरोबर जायचे तोच तबेला, तीच ओल. मालकाच्या मुलाला वाटलं मी पालिकेची माणूस. तक्रार नाही, शेण पाहिजे, म्हटल्यावर त्याने खुर्ची दिली. शेणाचे पैसे नकोत म्हणाला, उलट न्याल तेवढं बरं, गाडी मात्र तुमची. तिथेच उभ्या उभ्या मी मोबाइलवर हिशेब केला. माळशेजवरून जुन्नर, जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर धरू. ४ टनांची गाडी लिटरला ८ देईल. ४४ लिटर डिझेल, लिटरला साधारण २.७ किलो. जवळजवळ १२० किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका एकराच्या खतातून निघतो त्याहून जास्त, आणि तो जाणार वाहतुकीच्या पानावर. पण इथेच राहिलं तर नाल्यात बुडबुडे. ते कुठल्या पानावर? मालकाचा मुलगा माझ्याकडे बघत होता. बाई शेणाच्या भावात इतकी का अडकलीय ते त्याला कळेना.

तिथूनच मामाला फोन लावला. गाडीचं भाडं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प.

“वल्लं आहे का वाळलेलं?”

“ओलंच. आत्ता पडतंय.”

“मग नको. पान्याचं भाडं भरायचं का आपन? त्याला म्हनावं, एका कडंला ढीग लावून ठेव. एप्रिलात बघू.”

मी मालकाच्या मुलाला विचारलं. तो हसला. इथे कडेला जागा असती तर अजून दोन म्हशी बांधल्या नसत्या का, म्हणाला. तरी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे भंगार पडलंय, ते हललं तर बघू. फोन चालूच होता. पलीकडून मामीचा आवाज आला, “कच्चं नको आनू म्हनावं. हुमनी येती.”